टाकीवरची साय

६ नोव्हेंबर २००६, सोमवार

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अस्मादिक, म्हणजे ईश्वर कारखानीस, वय वर्षे एकोणपन्नास, रसायनशास्त्राचे पदवीधर, एका पत्नीचे पती व एका दुखऱ्या गुडघ्याचे स्वामी, भाईंदर पूर्वेतील एका औद्योगिक वसाहतीच्या सांडपाणी केंद्रावर अधिकारारूढ झाले. नेमणूकपत्रातले पदाचे नाव इंग्रजीत आणि फारच क्षुल्लक आहे. त्यातून कार्याची उदात्तता प्रकट होत नाही, म्हणून खासगी वापरासाठी ‘तैलजलवियोगाधिकारी’ ही उपाधी मी स्वतःस अर्पण केली. सुचेता (उपरोक्त पत्नी) म्हणाली की एवढे नाव दारावरच्या पाटीत मावणार नाही, आणि बेव्हर्ली पार्कातले शेजारी तसेही हसतातच.

सव्वीस वर्षे ज्या रंगाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळली तो परराज्यात निघून गेला. कारखाना गेला, कारखानीस उरला. म्हणून हे नवे पर्व.

भावी इतिहासकारांच्या सोयीसाठी केंद्राचे वर्णन करतो. वसाहतीत स्टीलची भांडी ठोकणारे शेदीडशे गाळे आहेत. पत्रा दाबण्यापूर्वी त्याला तेल फासतात आणि भांडे झाले की धुतात. ते काळे धुवण, शिवाय काशीमिऱ्याच्या गॅरेजांतून टँकरने येणारे तसलेच पाणी, आमच्या एका लांबट, खोल, झाकणबंद टाकीत सोडले जाते. तेथे त्याने काही तास निमूट उभे राहायचे. तेल आपसूक वर येते, गाळ तळाशी बसतो, वरचे तेल एक फिरता पट्टा चाटून घेतो आणि मधले पाणी नाल्यावाटे खाडीला जाते. उगी उभे राहणे, एवढेच आमचे तंत्रज्ञान. माझ्या प्रकृतीला इतके अनुरूप शास्त्र मला पन्नाशीत भेटावे, हा दैवाचा विनोद.

व्यवस्थापक जितेंद्रभाई यांनी चहा पाजला आणि मराठी, हिंदी, गुजराती अशा त्रिवेणी भाषेत सांगितले की टेन्शन घ्यायचे नाही, रजिस्टर टाइमवर भरायचे, बाकी सब परशुराम सांभाळतोय.

परशुराम म्हणजे येथला एकमेव तज्ज्ञ. पन्नाशीपारचा आगरी गृहस्थ, खाडीकाठच्या गावचा. बापजाद्यांची मिठागरे होती, ती गेली. नऊ वर्षे या टाकीवर आहे. अक्षरशत्रू आहे, पण शत्रूशी इतक्या आदराने वागणारा मनुष्य मी पाहिला नाही. माझी पदवी काचेच्या चौकटीत भिंतीवर लावली तेव्हा त्याने चपला काढून तिला नमस्कार केला.

११ नोव्हेंबर, शनिवार

आज परशुरामाने माझा सविनय पराभव केला. बाहेर पडणाऱ्या पाण्यात दर लिटरमागे दहा मिलिग्रॅमहून अधिक तेल असता कामा नये, असा दंडक आहे. ते मोजण्यासाठी मी नमुना काचेच्या नरसाळ्यात घालतो, द्रावक ओततो, हलवतो, थर वेगळे होऊ देतो, द्रावक उडवतो आणि उरलेले तेल तोलतो. यास साडेतीन तास लागतात. परशुरामाने तेच पाणी अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळले, क्षणभर आढ्याकडे पाहिले आणि म्हणाला की आज आठ हाय, साहेब. माझे उत्तर आले आठ दशांश दोन. त्या दोन दशांशांवर माझी पदवी लटकत आहे.

त्याला विचारले की हे कसे काय. तर म्हणाला, तेल कुनाला चुकवत न्हाय, वाईच थांबला का आपलाच वर येतंय.

१९ नोव्हेंबर, रविवार

पंधरा दिवसांनी एकदा, गाळे बंद असतात त्या रविवारी, टाकी रिकामी करून तळचा गाळ काढतात. त्यासाठी परशुराम आत उतरतो. वर दोर धरायला विठू नावाचा पहारेकरी.

तळच्या गाळात विषारी वायू साठतो. सुरुवातीस सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणजे ज्या क्षणी सारे ठीक वाटते त्याच क्षणी मनुष्य मरतो. आजवर इथे परशुराम नुसते हुंगून उतरत असे. हे ऐकताच माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. मी नियम घालून दिला: आधी मी वायुमापक यंत्र दोरीने तळाशी सोडणार, पाच मिनिटे ठेवणार, आकडा पाहणार, छापील अनुज्ञापत्रावर सही करणार, ते पत्र हाती आल्याविना कोणी पहिल्या पायरीवरही पाऊल ठेवायचे नाही. या विषयावर मी वीस मिनिटे भाषण केले. विठू पेंगला. परशुरामाने मात्र वेदवाक्य ऐकावे तसे ऐकले.

उतरण्याआधीचा एक विधी नोंदवण्याजोगा. काळे तेल कातडीत मुरू नये म्हणून हे लोक आधी सर्वांगाला खोबरेल चोपडतात. मग वर आल्यावर घाण नुसत्या साबणाने सुटते. पाठीला स्वतःचा हात पोचत नाही. त्यासाठी त्याची बायको मंजुळा दर वेळी वाटी घेऊन येते. खांद्यापासून कमरेपर्यंत चार बोटे फिरवत ती तेल लावत होती आणि एकीकडे त्याला झापत होती, की म्हातारा झालायस, जावई आला घरात, आता तरी हे पुरे कर. तो हसत होता. मी सभ्यपणे खाडीकडे पाहत उभा राहिलो.

यंत्राने शून्य दाखवले. मी सही केली. परशुरामाने कागद कपाळाला लावला, शर्टाच्या खिशात ठेवला, शर्ट कठड्यावर टांगला आणि उतरला. इतकी वर्षे सह्या करतो आहे, पण माझ्या सहीला कोणी कपाळ लावलेले हे प्रथमच. रात्री जेवताना सुचेताला दोनदा सांगितले.

३ डिसेंबर, रविवार

पुनश्च टाकी, पुनश्च शून्य, पुनश्च कपाळ.

मंजुळाबाईंनी आज मला भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाऊ घातली. म्हणाल्या की साहेब, तुमी कागद काढला तवापासून मना झोप लागतंय. एकुलती लेक चांदणी, पेणला दिलेली, आता आठवा महिना सुरू आहे. नवऱ्याकडून त्यांनी पोरीची शपथ घेववली आहे, की कागदाशिवाय उतरायचे नाही. आमच्याकडे पोरीची शपथ मोडली तर ती पोरीवर येते, असे त्यांनी सहज, हवापाण्याविषयी बोलावे तसे सांगितले.

मी म्हटले की हा नियमाचा अत्युच्च सन्मान होय. त्यांना बहुधा कळले नाही.

१५ डिसेंबर, शुक्रवार

एक प्रशासकीय सुधारणा केली.

रविवारी सुचेता वालाचे बिरडे करते. सकाळपासून वाल सोलण्यात माझाही सहभाग अपेक्षित असतो. एका आकड्यासाठी त्या सुखाचा बळी देऊन इतक्या दूर यावे, आणि तो आकडाही शून्य असावा, हे तर्कास धरून नाही. दोन्ही वेळा शून्य आले. तिसऱ्या खेपेस न येण्याचे शून्याला काही कारण दिसत नाही. सबब पुढील सहा वेळांची अनुज्ञापत्रे, थेट फेब्रुवारीअखेरपर्यंतची, तारखांसह आजच सही करून टेबलाच्या खणात ठेवली. ‘यंत्राचे वाचन’ या रकान्यात शून्य लिहिले. परशुरामाला दाखवले की वरचा एकेक घेत जा. त्याने विचारले की यंत्र सोडायचे ना, साहेब. मी म्हटले की कागदावर लिहिले आहे म्हणजे झालेच. तो मान डोलावून गेला.

जितेंद्रभाई म्हणाले की कारखानीससाहेब, तुम्ही तर एकदम प्रोफेशनल निघाला.

१७ डिसेंबर, रविवार

साडेअकराला फोन आला. मी जेवायला बसत होतो.

परशुराम गेला.

विठूने दोर ओढला, पण एकट्याला वजन पेलेना. गाळे बंद. मंजुळाबाई पाठीला तेल लावून, तो कागद घेण्याआधीच घरी गेलेल्या. माणसे गोळा करून आणीपर्यंत वीस मिनिटे. मी पोचलो तेव्हा त्याला कठड्याशी निजवले होते. सर्वांग काळे; पाठ तेवढी स्वच्छ. काळे तेल तिच्यावरून निथळून गेले होते.

मी यंत्र खाली सोडले. आता कशासाठी, ते ठाऊक नाही. आकडा पाहिला. तो येथे लिहीत नाही.

१८ डिसेंबर, सोमवार

चौकशीला पोलीस आले. परशुरामाला उतरण्याची परवानगी दिली होती का, असे त्यांनी विचारले. जितेंद्रभाई माझ्याकडे पाहू लागले. रस्त्यात त्यांनी मला एवढेच सांगितले होते की सोचून बोला साहेब, तुमची पण फॅमिली आहे.

मी म्हणालो, नाही.

उभ्या आयुष्यात मी याहून आखूड वाक्य उच्चारले नसेल. पुढचे सारे ओघाने आले: साहेबांची सक्त ताकीद असूनही मयत विनाकागद, स्वतःच्या मर्जीने उतरला. खणातली उरलेली पाच पत्रे मी प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये जाळली. सहावे परशुरामापाशी होते. ते कुठे दिसले नाही; कठड्यावर त्याचा शर्टही नव्हता. विठूला दुपारच्या गाडीने गावी पाठवण्यात आले.

मंजुळाबाई दाराबाहेर होत्या. त्यांनी ऐकले. रडत होत्या त्या थांबल्या.

२१ डिसेंबर, गुरुवार

शब्दांची एक सोय अशी की ‘दुर्दैवी घटना’ म्हटले की तिला कर्ता लागत नाही. मराठी व्याकरणाने माझ्यावर केलेला हा उपकार मी तीन दिवस पुनःपुन्हा आठवतो आहे. निद्रा नाही. साडेसातलाच केंद्रावर येऊन बसतो.

२४ डिसेंबर, रविवार

थंडी पडली आहे. सकाळी टाकीचे झाकण सारून पाहिले तर काळ्या तेलावर एक पांढरा पापुद्रा धरला होता. दुधावर साय धरावी तसा, हातभर लांब. काठीने काढला. बोटांच्या उबेने वितळला. वास घेतला.

खोबरेल. खोबरेल थंडीत गोठते, यात अद्भुत काही नाही. परशुरामाच्या अंगाचे, त्या दिवशी गाळात उतरलेले, आता वर आले. हे पदार्थविज्ञान आहे. तोलले: साठ ग्रॅम. एका माणसाच्या अंगाला अर्धी वाटी पुरते. ताळा बरोबर जुळतो.

ताळा जुळल्याने बरे वाटावयास हवे होते.

२९ डिसेंबर, शुक्रवार

आज तेरावा. घरचे विधी टाकून मंजुळाबाई दुपारी माझ्याकडे आल्या. परशुरामाचे कपडे बोचक्यात बांधून त्यांना दिले होते, ते त्यांनी आज सोडले. शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद निघाला.

तो त्यांनी माझ्यापुढे टेबलावर ठेवला. म्हणाल्या, साहेब, जावयाला बी दावला न्हाय, पयला तुमच्याकडं आनलाय. तुमीच वाचा. ह्यो त्यो कागद हाय का?

घडीवर त्याच्या बोटांचे तेलकट डाग. आत छापील अक्षरे, सतरा तारीख, शून्य, आणि खाली माझी सही, वळणदार, उपरण्याचे टोक मागे टाकावे तशा शेवटच्या फटकाऱ्यासह.

मी चष्मा पुसला. मग सांगितले की ही टँकरची पावती आहे.

त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, म्हंजी त्यानं शपथ मोडली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला असह्य झाले. पोरीला नववा लागला आहे, असे त्या जाताजाता म्हणाल्या. माझ्याशी नव्हे, उंबऱ्याशी.

कागद त्यांनी परत मागितला नाही. पावतीचे त्यांना काय काम. जाळण्यासाठी काडी पेटवली आणि विझवली. सुचेता या वहीला हात लावत नाही, म्हणून याच पानांत ठेवला आहे.

३१ डिसेंबर, रविवार

टाकी साफ करण्याचा वार. कोणी उतरायला तयार नाही, बरेच झाले.

साय आज पुरुषभर लांब आहे. रुंदीला दोन हात. मी बराच वेळ उभा राहून पाहिले. पृष्ठभाग सपाट नाही. वरपासून खालपर्यंत चार समांतर रेघा, पुन्हा चार, पुन्हा चार. ओल्या बोटांनी काहीतरी चोळत खाली यावे तशा. वरच्या बाजूस रुंद, खाली निमुळती.

ती पाठ आहे.

दहा वाजता ऊन चढले तशी वितळली. चारशे दहा ग्रॅम.

२ जानेवारी २००७, मंगळवार

जितेंद्रभाई आले. पांढरे तेल पाहून म्हणाले की कोणी गाळेवाला चुपचाप फरसाण तळतोय, पकडा साल्याला. दोघांनी मिळून सगळे गाळे धुंडाळले. भांडी, पत्रे, पॉलिशची पावडर. खोबरेल कोठेच नाही. ते म्हणाले की जाने दो, ड्रममध्ये भरा.

मी हिशेब मांडला. नऊ वर्षे, महिन्यातून दोनदा, दर वेळी साठ ग्रॅम: सुमारे तेरा किलो. टाकीच्या कोनाकोपऱ्यांत साचलेले सारे आता सुटत असावे. तेरा किलो झाले की संपेल. शास्त्राला शेवट असतो.

६ जानेवारी, शनिवार

तेरा किलो काल पुरे झाले. आज एकवीस.

घरी सुचेताने विचारले की मी चोरून डोक्याला तेल लावू लागलो आहे का. उशीवर मोठा डाग आहे. वस्तुतः माझ्या मस्तकावर तेलास पात्र असे काहीच उरलेले नाही. हे मी तिला सांगितले. ती हसली नाही. चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. चहावर तवंग होता. तिच्या कपात नव्हता. तिने दोन्ही कप पाहिले, मग मला पाहिले, आणि काय लपवतोयस असे विचारले.

मी म्हणालो, दूध स्निग्ध असेल.

८ जानेवारी, सोमवार

मंजुळाबाई सकाळपासून फाटकाशी बसलेल्या असतात. अन्न सोडले आहे असे नव्या पहारेकऱ्याने सांगितले. मी बाहेर गेलो. त्या म्हणाल्या की चांदणीला पेणच्या दवाखान्यात ठेवले आहे, पाणी कमी आहे, पोर आडवे आहे. ती आय आय करतेय, आणि मी जात न्हाय. शपथ मोडलेल्या मान्साची बायको मी, माजी सावली तिच्यावर नको. एकदा खरं कलू दे, मंग उठते.

सांगणारच होतो. तोंड उघडले. जिभेवर, टाळ्याला, घशात खोबरेलाचा दाट लेप. शब्द धरायला जातो आणि निसटतो. शेवटी जे बाहेर पडले ते असे, की नियतीच्या विधानापुढे मनुष्य अगतिक असतो.

त्यांनी मान डोलावली. परशुरामासारखीच.

१० जानेवारी, बुधवार

वहीचे शेवटून अर्धे अंग तेलकट झाले आहे. त्याचा कागद ठेवला तेथून डाग पसरतो. पाने पारदर्शक होत चालली. शाई चिकटत नाही, थेंबाथेंबाने गोळा होते. कडेला कोरडे आहे तेथे लिहितो आहे.

साय एकेचाळीस किलो. एवढे एका देहावर मावत नाही. मग हे कोणाचे —

आज सायीवरच्या बोटांच्या रेघा ओल्या होत्या. मी पाहत असताना एक उमटली. वरून खाली. सावकाश.

१२ जानेवारी

हातांतून पाझरते. धुतले की पाणी वेगळे, तेल वेगळे. माझी विद्या माझ्याच बेसिनमध्ये.

काल आंघोळीनंतर सुचेता किंचाळली नाही, नुसती मागे सरली. माझ्या पाठीवर कोणी तेल लावले आहे, म्हणाली. चार बोटे. खांद्यापासून कमरेपर्यंत. मग सामान बांधून भावाकडे गेली. दारातून एवढेच म्हणाली की काय केलंयस ते सांग, मग येते. तिला ठाऊक नाही तरी ठाऊक आहे.

१३ जानेवारी

पुन्हा फाटकाशी गेलो. पुन्हा तोंडात लेप. त्या वाट पाहत राहिल्या. मी मागे फिरलो तेव्हा म्हणाल्या, बोलाया जमत न्हाय तर कागदावर लिवून द्या साहेब. जावई वाचल. त्याचा कागदावर इस्वास हुता. माजा बी हाय.

१४ जानेवारी

लिहितो आहे. लेटरहेड घेतले, बोट टेकताच काचेसारखे झाले. बॉलपेन घसरते. पेन्सिल घसरते. रजिस्टरची पाने, वर्तमानपत्राचा समास, सगळे हाताखाली पारदर्शक.

आता फक्त या वहीच्या कोपऱ्यांत कोरडे आहे. थोडे.

ही वहीच द्यावी? पाहिले. पाने एकमेकांआडून दिसतात. सतराच्या आड पंधरा, पंधराच्या आड तीन. कोणी एकेक पान सोडवून उजेडाशी धरील तर वाचील. तेवढा वेळ चांदणीपाशी नाही.

परशुरामाचा कागद मात्र स्वच्छ आहे. त्याला काही झालेले नाही. सही दोन्ही बाजूंनी दिसते. तोच द्यावा. पण तो माझ्या हातातून — घेतो, आणि बोटांतून सुटतो, पुन्हा वहीत. पुन्हा. अकरा वेळा.

१५ जानेवारी

फाटकावर फोन आला. चांदणीला कळा लागल्या, पोर अडले आहे. ती आईशिवाय जोर करत नाही म्हणे. जावई फोनवर रडत होता. मंजुळाबाई उठल्या नाहीत. माझ्या खिडकीकडे पाहतात. राग नाही अजून. राग असता तर —

साय मोजली नाही. झाकण उचलून वर आली आहे. पांढरी. दुपार झाली तरी वितळत नाही.

कोरडी जागा तीन बोटे. उपमा नकोत. उगाच घालवली एवढी पाने.

दुपारी

जितेंद्रभाईंना फोन केला, तुम्ही सांगा म्हणालो. ते म्हणाले की क्या बोल रहे हो, आवाज येत नाही, नुसती गुळगुळ येतेय.

पाठीवर हात आहे. आत्ता. मायेने फिरतो. ते सर्वांत वाईट. उतरायची तयारी करून देतात तसा —

नाही. आधी लिहायचे. दोन बोटे जागा.

मसुदा:

श्रीमती मंजुळाबाई यांस. सविनय निवेदन करण्यात येते की दिनांक १७ डिसेंबर रोजीच्या दुर्दैवी घटनेसंबंधी निम्नस्वाक्षरीकाराने यापूर्वी जे कथन केले ते वस्तुस्थितीशी सुसंगत नसून

नको. हे नको. जागा गेली. एक बोट.

त्या उठून दाराशी आल्या. हात पुढे केला आहे. कागदासाठी.

मंजुळाबाई, त्याने शपथ